वीस रुपयांचा वडापाव आणि घरची भाकरी : पैशांचा आणि पोषणाचा हिशेब

तुमचा प्रश्न असा आहे. तुम्ही तिघे मित्र पुण्यात भाड्याच्या घरात राहता. घरात शेगडी, सिलिंडर आणि कुकर आहे, पण कामाच्या दिवशी दोन्ही वेळचे खाणे बाहेरच होते : दुपारी वडापाव, कधी बर्गर, रात्री उशीर झाला तर पाकिटातल्या नूडल्स. माणशी रोजचे सुमारे दोनशे रुपये त्यात जातात. घरी शिजवण्याचा विषय निघाला की मित्र डाळीचे आणि भाज्यांचे भाव सांगतात आणि चांगले खाणे श्रीमंतांनाच परवडते असे म्हणतात. हे कितपत खरे आहे, ते तुम्हाला आकड्यांत हवे आहे.

आहारतज्ज्ञ म्हणून नोकरदार आणि विद्यार्थी यांच्या जेवणाचे हिशेब मी बरीच वर्षे मांडत आलो आहे. त्यावरून सांगतो की धान्य, डाळ आणि शेंगदाणे ही आपल्याकडे बाजारात मिळणारी सर्वांत स्वस्त खाद्यवस्तू आहे. महाग आहे तो शिजवणारा हात आणि त्याचा वेळ. तुमच्या मित्रांचे म्हणणे पहिल्या गोष्टीबाबत चूक आहे, दुसरीबाबत त्यात तथ्य आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र कालवल्यामुळेच हा वाद मिटत नाही.

आधी कच्चा माल पाहू. भाव शहरातल्या किरकोळ दुकानांतले आणि गोल केलेले धरतो : ज्वारी किलोला ५० रुपये, तूरडाळ १३०, अख्खा हरभरा ९०, शेंगदाणे १४०, दूध लिटरला ६०, अंडे ७ रुपयांना. तुमच्या पेठेत हे थोडे इकडेतिकडे असतील, पण निष्कर्ष त्याने बदलत नाही. पोषणाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांतले आहेत आणि ते कच्च्या वजनाचे आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ कॅलरी, १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम चोथा (तंतू, म्हणजे फायबर) असतो. तेवढ्याच तूरडाळीत जवळपास २२ ग्रॅम प्रथिने असतात, हरभऱ्यात १९ ग्रॅम प्रथिनांबरोबर तब्बल २५ ग्रॅम चोथा असतो आणि शेंगदाण्यांत साधारण २४ ग्रॅम प्रथिने.

गाडीवरच्या वडापावचे असे अधिकृत तक्ते नसतात, म्हणून घटक वेगळे करून अंदाज काढावा लागतो. पाव चाळीस-पन्नास ग्रॅमचा, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी आणि चारेक ग्रॅम प्रथिने. वड्यातला बटाटा पन्नास ग्रॅम धरला तर त्यात पस्तीस कॅलरी. बाहेरचे बेसन पंधरा-वीस ग्रॅम, आणि तळताना शोषलेले तेल आठ-दहा ग्रॅम. एकूण बेरीज तीनशे कॅलरी, सात-आठ ग्रॅम प्रथिने आणि चार ग्रॅम चोथा यांच्या जवळपास येते. वडापावची जितकी बदनामी होते तितका तो वाईट नाही, असे मी नेहमी सांगतो, कारण त्या पदार्थात जे थोडेफार पोषण आहे त्यातला चांगला वाटा बेसनाच्या पातळ आवरणाचा आहे. वडा मोठा आणि पाव लहान असेल तर तुमचा फायदाच आहे.

आता दहा ग्रॅम प्रथिने मिळवायला किती रुपये पडतात ते पाहा. हरभरा, ज्वारी, शेंगदाणे आणि तूरडाळ या चौघांतून ती पाच-सहा रुपयांत मिळतात. अंड्यांतून अकरा रुपयांच्या आसपास आणि दुधातून अठरा रुपयांत मिळतात. वीस रुपयांच्या वडापावमधून तीच प्रथिने घ्यायची तर सव्वीस-सत्तावीस रुपये पडतात. साखळी दुकानांतला बटाट्याच्या टिक्कीचा साधा बर्गर सत्तर रुपयांचा धरला आणि त्यात साडेतीनशेच्या आत कॅलरी आणि आठ-नऊ ग्रॅम प्रथिने मानली, तर हा आकडा ऐंशीच्या पुढे जातो. नुसत्या कॅलरींचा भाव काढला तरी चित्र तेच राहते : शंभर कॅलरींना ज्वारी दीड रुपया, तूरडाळ चार, वडापाव पावणेसात आणि बर्गर वीस रुपये.

कोरडी ज्वारी कोणी खात नाही, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून ताटाचा हिशेब करू. एका माणसाचे एक जेवण : शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, चाळीस ग्रॅम तूरडाळीचे वरण, शंभर ग्रॅम निवडलेल्या मेथीची भाजी, त्यात पंधरा ग्रॅम दाण्याचे कूट आणि एकूण दहा ग्रॅम तेल. गिरणीच्या दळणासह पीठ सहा रुपये, डाळ पाच, मेथी अकरा, कूट दोन, तेल दोन, कांदा-लसूण-मिरची-मसाला चार. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो आणि तो साडेआठशे रुपयांच्या आसपास धरला तर गॅस किलोला साठ रुपये पडतो, म्हणून एका जेवणाचे इंधन पाच रुपये धरणे पुरेसे आहे. सगळे मिळून पस्तीस रुपये. त्यात सुमारे ६८० कॅलरी, २५-२६ ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅम चोथा मिळतो. दोन वडापावांचे चाळीस रुपये होतात आणि त्यांतून सहाशे कॅलरी, पंधरा ग्रॅम प्रथिने आणि आठ ग्रॅम चोथा मिळतो.

या दोन ताटांत पैशांचा फरक नगण्य आहे आणि कॅलरींचाही फारसा नाही. फरक आहे तो प्रथिने आणि चोथ्यात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम. दोन हजार कॅलरींच्या आहारात चोथा तीस ग्रॅमच्या आसपास असावा अशी अपेक्षा असते. दुपारच्या पहिल्या ताटाने या दोन्ही गरजांचा मोठा हिस्सा भागतो. दोन वडापाव खाल्लेल्या माणसाला उरलेल्या दिवसात चाळीस ग्रॅम प्रथिने गोळा करायची असतात, आणि त्याच्या रात्रीच्या नूडल्सच्या पाकिटात ती जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात.

चोथ्याबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण गहू आणि मैदा यांच्या तुलनेत तो सर्वांत स्वच्छ दिसतो. गव्हाच्या आट्यात शंभर ग्रॅमला साधारण साडेअकरा ग्रॅम चोथा असतो आणि मैद्यात पावणेतीन ग्रॅम. दोघांतली प्रथिने मात्र जवळपास सारखी असतात, त्यामुळे पाकिटावर फक्त प्रथिने आणि कॅलरी वाचणाऱ्याला दोन्ही पिठे एकसारखीच वाटतात. कोंड्याबरोबर लोह, मॅग्नेशियम आणि ब-गटातली जीवनसत्त्वेही मोठ्या प्रमाणात निघून जातात. दोन वडापाव खाऊन दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि भाकरी खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत लागत नाही, या अनुभवामागे हा चोथा आणि प्रथिनांमधला फरक मोठ्या प्रमाणात आहे. पैशांच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे, कारण चार वाजता पुन्हा लागलेली भूक बिस्किटे आणि चहावर किंवा तिसऱ्या वडापाववर भागवली जाते आणि तो खर्च दुपारच्या जेवणात कोणी धरत नाही.

याला प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात बनवलेले तयार, आणि दोन आठवडे साधे, कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ आणि चोथा यांचे प्रमाण जुळवून घेतलेले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियेच्या अन्नावर माणसे रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तेवढ्यानेच घटले.

त्याच अभ्यासात तुमच्या मित्रांच्या बाजूचाही एक आकडा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. दिवसाला दोन हजार कॅलरींच्या हिशेबाने आठवड्याचे साहित्य अतिप्रक्रियेच्या आहारासाठी १०६ डॉलरचे होते आणि साध्या आहारासाठी १५१ डॉलरचे. २०१३ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही सर्वांत आरोग्यदायी आहार सर्वांत कमी आरोग्यदायी आहारापेक्षा माणशी दिवसाला सुमारे दीड डॉलरने महाग असल्याचे दिसले. चांगले खाणे महाग असते हे वाक्य आपल्याकडे आले ते तिकडून. तिथल्या साध्या आहारात ताजी फळे, भाज्या, मासे आणि मांस यांचा वाटा मोठा असतो. आपल्या साध्या आहाराचा पाया कोरडवाहू धान्य आणि डाळ आहे, जी महिनोन्महिने टिकते. शिवाय अमेरिकेत बर्गर हे स्वस्त खाणे असते, तर आपल्याकडे १९९६ साली परदेशी साखळी दुकाने आली तेव्हापासून तो हौसेचाच पदार्थ राहिला आहे. बर्गर, बटाट्याचे तळलेले काप आणि थंड पेय यांच्या एकत्रित ताटाला सहज दोनशेच्या पुढे रुपये पडतात, आणि त्या तीनशे मिलिलिटर पेयात तीसेक ग्रॅम साखरेखेरीज काहीच नसते. घरपोच मागवले तर पॅकिंग आणि पोचवण्याचे पैसे वेगळेच लागतात.

त्या दोनशे रुपयांत घरी काय येते ते पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, पालेभाज्यांसह भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. वरच्या भावांनी धान्याचे साडेबारा रुपये होतात, डाळीचे अकरा, दुधाचे अठरा, भाज्यांचे बावीस, केळ्याचे सहा, शेंगदाण्यांचे पाच आणि तेलाचे सव्वाचार. मसाला, मीठ आणि गॅस यांचे पंधरा रुपये धरले तरी संपूर्ण दिवसाचा, म्हणजे नाश्त्यासह सगळ्या जेवणांचा खर्च पंचाण्णवच्या आत बसतो. प्रथिने सत्तर ग्रॅमच्या आसपास जातात.

या बेरजेत लक्ष देण्याजोगे हे की भाज्या आणि दूध मिळून चाळीस रुपये, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक खर्च होतो, तर धान्य आणि डाळ मिळून चोवीसही होत नाहीत. खाणे महाग झाले असे जेव्हा वाटते, तेव्हा ते बहुधा या पहिल्या जोडीमुळे वाटते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभर रुपयांच्या पुढे गेला होता तेव्हा मला भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण महागाईवर बोलत होता, पण टोमॅटोऐवजी चिंच-आमसूल घातलेल्या आमटीने कोणाचे पोषण बिघडले नसते. महागलेली भाजी सोडून त्या दिवसातली स्वस्त भाजी उचलायची, ही आपल्या आज्यांची सवय आहारशास्त्रालाही पूर्ण मान्य आहे : थंडीत मेथी, पालक, गाजर आणि मुळा, पावसाळ्यात दुधी, दोडका आणि अळू, आणि उन्हाळ्यात पालेभाजी महागली की मोड आलेली मटकी-मूग. मटकीला मोड आणले की तिच्यात क जीवनसत्त्वही तयार होते, जे कोरड्या दाण्यात जवळजवळ नसते. वर लिंबू पिळले तर भाकरीतले लोह शोषले जाण्यास मदत होते. बाजरीत शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते, पण धान्यातले लोह एरवी अंगी लागणे कठीण असते, म्हणून ही छोटी गोष्ट सांगतो.

चांगले खाणे महाग वाटण्याचे दुसरे कारण म्हणजे क्विनोआ, अ‍ॅव्होकॅडो, परदेशी बेरी आणि चव लावलेले ओट्स. क्विनोआत शंभर ग्रॅमला तेरा ग्रॅम प्रथिने असतात आणि बाजरीत अकरा. या दोन ग्रॅमसाठी बाजरीच्या कित्येक पट भाव देणे मला निव्वळ उधळपट्टी वाटते. तुम्हाला कोणी आहाराचा तक्ता दिला असेल आणि त्यातली निम्मी नावे किराणा दुकानदाराला समजत नसतील, तर तो तक्ता बाजूला ठेवायला हरकत नाही.

आता तुमच्या मित्रांचे जे बरोबर आहे तिकडे येतो. पस्तीस रुपयांच्या त्या ताटामागे बाजारहाट, निवडणे, थापणे, शिजवणे आणि भांडी घासणे मिळून एका माणसाचा तास सहज जातो. त्या तासाला शंभर रुपये किंमत लावली तर ताट एकशे पस्तीसचे होते आणि वडापाव आरामात जिंकतो. रात्री नऊला घरी पोचणाऱ्या माणसाने गाडीवर थांबणे हा आळस नसून साधा व्यवहार आहे. ज्याच्याकडे शेगडीच नाही, जो वसतिगृहात किंवा बांधकामाच्या जागी राहतो, त्याला भाकरीचा भाव ऐकवण्यात तर काहीच अर्थ नाही.

हाताची ही किंमत सरकारी योजनांच्या आकड्यांतही स्पष्ट दिसते. शाळेतल्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे जेवण द्यायचे असते, ज्यात दीडशे ग्रॅम धान्य, तीस ग्रॅम डाळ, पंचाहत्तर ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ मध्ये दर ताटामागे १० रुपये १७ पैसे ठरले. धान्य वेगळे पुरवले जाते आणि स्वयंपाकींचे मानधनही वेगळे असते. ही रक्कम तुटपुंजीच आहे असे माझे मत आहे, पण बाजारभावाने धान्य धरले तरी साहित्य अठरा रुपयांच्या पुढे जात नाही. दुसरीकडे, २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात यांचा खर्च सरकारनेच शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता, ज्यातले दहा रुपये जेवणाऱ्याने द्यायचे होते. शाळेतल्या ताटात आणि या थाळीत साहित्याचा फरक थोडा आहे. बाकीचा फरक हात, जागा आणि चालवणाऱ्याचा नफा यांचा आहे.

म्हणून तुम्ही भाजीवरचे पैसे वाचवण्यापेक्षा वेळ वाचवा. भाकरी येत नसेल आणि शिकायची इच्छा नसेल तर शिकू नका. जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून फक्त पोळ्या घ्या, कारण तिथे सर्वांत महाग मिळते ती भाजी आणि घरी सर्वांत कटकटीची असते ती पोळी. घरी कुकरमध्ये एका डब्यात डाळ, दुसऱ्यात भात आणि तळाशी भिजवलेली मटकी किंवा हरभरे एवढे लावले तर तुमचे प्रत्यक्ष हाताचे काम पंधरा मिनिटांचे आहे. दाण्याची चटणी, मेतकूट आणि दही घरात असू द्या. चार वाजताच्या भुकेसाठी फुटाणे आणि शेंगदाणे कार्यालयात ठेवा. वीस रुपयांत या मिश्रणाची मोठी मूठ-दोन मुठी येते आणि त्यात वडापावच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात.

बाहेर खायचेच असेल तर सगळे बाहेरचे खाणे एका तराजूत तोलू नका. मटकीची मिसळ, फरसाण निम्मे करून सांगितली तर, वडापावपेक्षा सरस आहे. उकडलेली दोन अंडी आणि पाव, इडली-सांबार, दाणे घातलेले पोहे हेही चांगले. तळलेल्या पदार्थाबाबत गाडी निवडताना कढईतले तेल पाहा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) जुलै २०१८ पासून वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय घटकांची, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साचणाऱ्या खराब घटकांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. ती तुम्हाला डोळ्यांनी मोजता येणार नाही, पण काळपट, फेसाळणारे आणि धूर सोडणारे तेल दिसले तर पुढच्या गाडीवर जा. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या संभाव्य औषधांचा खर्च मी या हिशेबात मुद्दाम धरलेला नाही, कारण एखाद्या माणसाचा आजार एखाद्या पदार्थाच्या खात्यावर टाकणे शास्त्राला धरून होत नाही. तो खर्च न धरताही हिशेब पुरेसा स्पष्ट आहे.

तुमच्या घरासाठी माझा प्रत्यक्ष प्रस्ताव असा आहे. तिघांनी मिळून दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला मावशी लावा. तुमच्या भागात त्या महिन्याला साडेचार हजार घेतात असे धरले तर माणशी दीड हजार, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये पडतात. त्यात वरचे पंचाण्णव मिळवले की एकशे पंचेचाळीस होतात. आज तुम्ही दोनशे देता, म्हणजे दिवसाला पंचावन्न आणि महिन्याला साधारण सोळाशे रुपये माणशी उरतात. मावशींनी सहा हजार मागितले तरी अकराशेहून अधिक उरतात, आणि चांगली भाकरी थापणाऱ्या मावशींशी त्यावर घासाघीस करू नये असे मला वाटते. रविवारी त्यांना सुट्टी द्या आणि त्या दिवशी वडापाव खा.